लटकी माशी आणि साष्टीचं बेट

३४ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दर जूनमध्ये एक व्याख्या फळ्यावर लिहिली: चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला बेट म्हणतात. पोरांनी ती पाठ केली, पेपरात उतरवली, मी गुण दिले. तिच्यात काही कमी आहे असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. गेल्या रविवारी भाचीने म्हटलं, आणि तेही माजिवड्यात, माझ्याच बाल्कनीत बसून, माझ्या हातचा चहा पीत.

निमित्त झालं कोथिंबिरीचं. कुंडीतली कोथिंबीर वेळेवर खुडली नाही की फुलावर येते. आमच्याकडे माघात दरवर्षी हेच होतं. बारीक पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडल्या होत्या आणि त्यांतल्या एकीसमोर एक माशी हवेत थांबली होती. थांबली म्हणजे खरंच थांबली. पंखांच्या जागी नुसती थरथर, आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं पोट मात्र दोऱ्याने टांगल्यासारखं स्थिर. मी बोट पुढे केलं तर ती वीतभर मागे सरकली. बोट मागे घेतलं, ती पुन्हा होती तिथे.

"मधमाशी," मी म्हणालो.

"नाही रे मामा. बसली की पंख मोज. मधमाशीला चार असतात, हिला दोनच. मागच्या दोन पंखांच्या बारीक गाठी झाल्यात, तोल सांभाळायला. नांगीही नाही. ते पट्टे म्हणजे नुसतं सोंग, पक्ष्यांनी घाबरावं म्हणून."

"नाव काय हिचं?"

"शेतकरी सिरफिड माशी म्हणतात. कृषी विद्यापीठाच्या पत्रकांतही तेच असतं. मित्रकीटक म्हणून."

"हे कसलं नाव? लटकी माशी म्हण. हवेत लटकते म्हणून लटकी, आणि मधमाशीचा लटका आव आणते म्हणूनही लटकी."

तिने ते वहीत टिपून घेतलं. भाची प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते, डोंबिवलीला राहते, आणि हल्ली रविवारी येते ती पिशवीत कापडी जाळी आणि बुचाच्या बाटल्या घेऊन. मामीला वाटतं पोरगी मामाला भेटायला येते. खरं म्हणजे ती माव्याला भेटायला येते. आमच्या चवळीच्या वेलाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा इतका दाटतो की देठ दिसत नाही. त्या रविवारी तिने मला भिंग देऊन तिथे वाकवलं. माव्याच्या गर्दीत एक हिरवट, अर्धवट पारदर्शक अळी होती. पाय नाहीत, डोळे नाहीत. जळूसारखं पुढचं टोक उजवीकडे-डावीकडे फिरवत होती. टोकाला मावा लागला की तिने त्याला देठावरून उचललं, हवेत अधांतरी धरलं आणि शोषायला लागली. मिनिट-दोन मिनिटांत रिकामं सालपट खाली टाकलं आणि टोक पुन्हा फिरायला लागलं. हीच पुढे जाऊन लटकी माशी होणार. आई फुलावर, लेकरू कत्तलखान्यात.

"आता मला सांग," भाची म्हणाली, "तुझ्या इथली ही माशी आणि आमच्या डोंबिवलीतली माशी, एकाच घराण्यातल्या की वेगळ्या?"

हा प्रश्न माझ्या अंगणात पडला होता. मी खुर्ची ओढली.

"वेगळ्याच असणार. तू राहतेस मुख्य भूमीवर, मी राहतो बेटावर."

ठाण्यात हे वाक्य बोललं की लोक बघत राहतात. माजिवडा बेटावर आहे हे इथे जन्मलेल्यांनाही माहीत नसतं. आमच्या बाल्कनीखाली उड्डाणपूल एकमेकांवरून जातात; एक रस्ता नाशिकला निघतो, एक घोडबंदरला, एक मुंबईला, आणि वर आता मेट्रोचे खांब. यातून बेट कुणाला दिसणार? पण नकाशा काढा. पूर्वेला ठाण्याची खाडी. उत्तरेला उल्हास नदी रुंदावत वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. बाळकुम, कोलशेतच्या बाजूला ही दोन पाणी एकमेकांना जोडलेली. पश्चिमेला अरबी समुद्र. मध्ये उरते ती साष्टी, म्हणजे सहासष्ट गावांची. कळवा, मुंब्रा, दिवा ठाणे महापालिकेत असले तरी खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर. कल्याण-डोंबिवली तर त्याही पुढे. १७३७ साली मराठ्यांना साष्टी घ्यायची होती तेव्हा खाडी ओलांडूनच ठाण्यावर यावं लागलं. १ मे १८५४ ला ठाण्याहून कल्याणला गाडी गेली तीही खाडीवर पूल झाला म्हणून.

"पाणी माणसाला अडवतं, फौजेला अडवतं, रेल्वेला अडवतं. मग ही एवढीशी माशी," मी नखाने माप दाखवलं, "तिचं काय? आणि हे मी म्हणत नाही, डार्विन म्हणतो. वोलॅस्टन नावाच्या माणसाने मदेरा बेटावरचे भुंगेरे मोजले. साडेपाचशे जातींपैकी दोनशे जातींना उडताच येत नव्हतं. का? तर बेटावर जो उडतो तो वाऱ्याने समुद्रात जातो. जो बसून राहतो त्याची पिल्लं वाढतात. बेट प्राण्याचे पंख काढून घेतं, बयो."

"मदेरा आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत समुद्रात. तुझी खाडी कळव्याच्या पुलाजवळ किती रुंद आहे?"

मी उत्तर दिलं नाही. तिथे खाडी इतकी आक्रसली आहे की गाडीतून जाताना एक जांभई पुरी होत नाही.

"इंग्लंडचं सांगते," ती म्हणाली. "फ्रान्स आणि इंग्लंडमधली खाडी जिथे सगळ्यात चिंचोळी तिथेही ३४ किलोमीटर. रॉथमस्टेडला शेतकी संशोधनाची जुनी संस्था आहे. तिथल्या लोकांकडे सरळ आकाशाकडे तोंड केलेले रडार आहेत, वरून जाणारे किडे मोजायला. त्या नोंदींवरून २०१९ मध्ये हिशोब निघाला की दक्षिण इंग्लंडवरून वर्षाला ४०० कोटींपर्यंत लटक्या माश्या ये-जा करतात. वजन केलं तर ८० टन. वसंतात उत्तरेला, शरदात दक्षिणेला. त्यांतली मुख्य एक तर तुझ्या या माशीची चुलत बहीणच. तिकडे तिला संत्र्याच्या मुरंब्याचं नाव दिलंय, पट्ट्यांच्या रंगावरून."

"उडून गेल्या म्हणजे मिसळल्याच असं थोडंच आहे? माझे शेजारी दरवर्षी काशीला जातात, सोयरीक ठाण्यातच करतात."

इथे मला वाटलं मी तिला पकडली. पण ती तयार होती.

"म्हणूनच डीएनए बघायचा. २०१३ साली फ्रेंच लोकांनी त्याच मुरंबा-माशीच्या युरोपभरच्या माश्या घेतल्या. थंडीत काही माश्या दक्षिणेला जातात, काही तिथेच कुठेतरी दडून बसतात. अशा दोन पद्धती आहेत म्हणजे आत दोन घराणी असणार, असा सगळ्यांचा अंदाज. जनुकांत भेद सापडला नाही. सगळा युरोप एक पंगत."

"माशीच्या बाबतीत."

"चतुराच्या बाबतीत तर जगच एक पंगत. ऑक्टोबरात तुझ्या गच्चीवर घिरट्या घालणारे पिवळे चतुर येतात ना? तेच मालदीवला पोचतात, आणि तिथून पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात, असं अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. मग २०१६ मध्ये वेगवेगळ्या खंडांतल्या चतुरांचा डीएनए ताडून पाहिला, तर अख्ख्या पृथ्वीवर जवळजवळ एकच कुळ. अरबी समुद्र त्याला अडवत नाही, आणि तू ठाण्याच्या खाडीचं सांगतोस."

मामीने आतून पोह्यांच्या बश्या आणल्या. त्यावर कोथिंबीर नव्हती, आणि ती का नव्हती याचा उल्लेख झालाच. मी त्या सवडीत विचार केला. प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याच पोतडीत माझ्याविरुद्धचा एक पुरावा होता आणि भूगोलाच्या मास्तराला तो लपवणं शोभत नाही.

"हे बघ," मी म्हणालो, "खाडी फार जुनी नाही हे मला मान्य आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगाचा कडाका होता. पाणी ध्रुवांकडे बर्फात अडकलेलं, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली. आज जिथे तेलाच्या विहिरी आहेत ते बॉम्बे हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, पण तिथे पाणी ७५ मीटरच खोल. म्हणजे तेव्हा ती कोरडी जमीन. साष्टी बेट नव्हतीच. साष्टी म्हणजे एका लांबरुंद मैदानातले डोंगर. आणि याचा पुरावा मुंबईतच निघाला. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली झाडं सापडली, खैराची, मुळांवर उभी. जंगल होतं तिथे समुद्र आत आला."

"म्हणजे तुझं बेट तरुण आहे."

"माणसाच्या हिशोबाने पुरातन. माशीच्या हिशोबाने?"

"माशीच्या हिशोबानेही काही हजार वर्षं म्हणजे पुष्कळ पिढ्या. वर्षात बऱ्याच होतात. वय कमी पडतंय असं नाही मामा, बंद पडणं कमी पडतंय. थांब, हे नीट सांगते."

तिने जे सांगितलं ते मला आधी कळलं नाही, मग मी ते माझ्या भाषेत फिरवून घेतलं. माझ्या पहिल्या वर्षाच्या हजेरीपटात एक आडनाव होतं. निवृत्त झालो त्या वर्षी ते शाळेच्या एकाही वर्गात नव्हतं. त्या लोकांना कुणी हाकललं नव्हतं, रोगराई आली नव्हती. गावात त्यांची दोनच घरं, दोन्हीकडे मुली झाल्या, मुली सासरी गेल्या, आडनाव गेलं. गाव लहान असलं की आडनावं अशी नुसत्या योगायोगाने गळत जातात, आणि शंभर-दोनशे वर्षांनी निम्म्या गावाचं आडनाव एकच होऊन बसतं. शेजारच्या लहान गावातही गळती होते, पण तिथे गळणारी आडनावं वेगळी आणि उरणारं वेगळं. दोन गावं तुटकी राहिली तर काहीच कारण नसताना वेगळी दिसायला लागतात. जनुकांचं असंच. लहान, तुटक्या वस्तीत प्रकार गळतात. भाचीच्या कामात जो डीएनए जास्त वापरतात तो मायटोकॉन्ड्रियाचा. तो फक्त आईकडून येतो. म्हणजे आडनावाचाच खेळ, उलट बाजूने.

"आता या गळतीवर उतारा काय?" ती म्हणाली.

"सून."

"बरोब्बर. बाहेरून आलेली सून. सेवॉल राइट नावाच्या अमेरिकन माणसाने १९३१ मध्ये याचं गणित मांडलं, आणि त्याने गृहीत काय धरलं तर तुझी बेटं. त्या गणितातून निघालं की एका पिढीत बाहेरून एक जण आला आणि त्याची पोरं तिथे वाढली, तरी दोन बेटं पूर्ण वेगळी होऊ शकत नाहीत."

"गाव मोठं असलं तरी एकच पुरे?"

"हीच गंमत आहे. मोठ्या गावात एक सून म्हणजे दर्यात खसखस. पण मोठ्या गावात गळतीही सावकाश. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. लहान गाव, मोठं गाव, हिशोब तोच."

माजिवड्याच्या जुन्या वस्तीत चौकशी केली तर प्रत्येक घरची एखादी तरी लेक काल्हेर, कशेळी, दिवा, कोपर इथे दिलेली निघते, आणि सुना तिकडून आलेल्या. खाडी मध्ये होती तेव्हाही होड्या होत्या. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आणि दर रविवारी मी येते. माझा एक पायगुणच तुझ्या बेटाला पुरेसा आहे."

मी हरलो होतो. माशी उडते, खाडी अरुंद, बेट तरुण, सून एक पुरे. भूगोलाचा निकाल लागला. पण मास्तरकीत एक शिकलो होतो: हुशार विद्यार्थ्याचं उत्तर फार गुळगुळीत आलं की त्याला दुसरं उदाहरण विचारावं.

"सगळ्याच लटक्या माश्या अशाच?"

ती लगेच बोलली नाही. पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाल्ले. लहानपणापासूनची सवय; अडचण आली की शेंगदाणे.

"नाही," ती म्हणाली. "जगात साधारण सहा हजार जाती आहेत, भारतात साडेतीनशेच्या आसपास. अळीच्या खाण्यावर सगळं ठरतं. तुझ्या वेलावरचीला मावा हवा, मावा सगळीकडे, म्हणून ती सगळीकडची. इथून ऑस्ट्रेलियापर्यंत ही जात आहे. नाल्यातल्या घाण पाण्यात वाढणाऱ्या आहेत, त्यांच्या अळीला लांब शेपटी असते, श्वास घ्यायची नळी, दुर्बिणीसारखी लांबवता येणारी. नाल्यांची ठाण्यात काय कमतरता? पण स्कॉटलंडमध्ये एक जात आहे, ब्लेरा फॅलॅक्स. तिची अळी वाढते पाइनच्या जुन्या बुंध्यातल्या सडक्या ढोलीत, पाणी साठून कुजलेल्या लगद्यात. जंगलं तुटली, मोठी जुनी झाडं गेली, तशा ढोली गेल्या. त्या माश्या आक्रसत आक्रसत एका नदीखोऱ्यातल्या एक-दोन जागांवर येऊन ठेपल्या. आता अळ्या प्राणिसंग्रहालयात बरण्यांत वाढवून जंगलात सोडतात."

"स्कॉटलंडमध्ये. म्हणजे ज्या इंग्लंडवरून ४०० कोटी माश्या जातात..."

"त्याच बेटावर. हो."

इतका वेळ आम्ही दोघं पाण्यावर भांडत होतो. तीच ब्रिटनची जमीन, तेच वारे, पंख दोघींनाही दोनच. एकीला समुद्र म्हणजे गटार ओलांडल्यासारखा. दुसरीला शेजारचा माळ म्हणजे समुद्र. कारण तिच्या दृष्टीने जमीन फक्त बुंध्याच्या ढोलीत आहे, बाकी सगळं पाणी.

"अजून आहे," भाची म्हणाली. आता तिलाच चेव आला होता. "मेरोडॉन म्हणून लटक्या माश्यांचा एक गट आहे. त्यांच्या अळ्या नर्गिससारख्या झाडांच्या कांद्यात वाढतात. कांदे डोंगरउतारांवर ठिकठिकाणी, म्हणून माश्याही ठिकठिकाणी. ग्रीसमधल्या लेस्बॉस बेटावरच्या या माश्यांचे २००९ मध्ये डीएनए-बारकोड काढले. सर्बियातल्या नोव्ही सादचा एक चमू त्यांच्यामागे वर्षानुवर्षं आहे. एक जात म्हणून ठेवलेली माशी उघडून बघावी तर आत दोन-तीन जाती, बाहेरून ओळखूही न येणाऱ्या. काही बेटांवर, काही डोंगरमाथ्यांवर."

"डोंगरमाथ्यांवर! भर जमिनीवर!" मी जवळजवळ उभाच राहिलो. "अगं मग हा भूगोलच झाला की! पालघाटची खिंड घे. सह्याद्री तिथे तुटतो, तीस-चाळीस किलोमीटरची फट. दोन्ही बाजूंना उंच डोंगर, शोलाची जंगलं. उडणारे पक्षी, पण त्या फटीच्या अलीकडचे आणि पलीकडचे वेगळे."

"व्ही. व्ही. रॉबिन यांचं काम. माथ्यावरच्या पक्ष्यांचे गट खोल, रुंद खिंडींनी फोडलेत. २०१७ मध्ये त्यांतल्या काहींना शोलांवरून नवं प्रजातिनाम मिळालं, शोलिकोला."

"आणि आंबोली. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडात सापडलेला मासा."

"तो २०२० चा. शिस्टुरा हिरण्यकेशी."

"सिंधुदुर्गात, समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर, पाण्याच्या टिचभर जागेत एक जात. पाण्याने वेढलेली जमीन नाही, जमिनीने वेढलेलं पाणी. तेही बेटच ना?"

"तेही बेटच. मी कधी नाही म्हटलं?"

"तू मघाशी म्हणालीस, भूगोल काही करत नाही."

"मी म्हटलं, खाडी काही करत नाही. या माशीला."

यावर आमचं थोडं वाजलं. माझं म्हणणं असं की बेट ही जमिनीची गोष्ट आहे. ती नकाशावर असते, तिथे कुणी राहो न राहो. तिचं म्हणणं, नकाशा कुणाच्या पायांनी काढला ते आधी सांग. मी म्हणालो, नकाशा पायांनी काढत नाहीत. ती म्हणाली, चुकतोस, साष्टीतली गावं पायांनीच मोजली असतील. मला अजूनही वाटतं की तिच्या म्हणण्यात एक लबाडी आहे. प्रत्येक किड्याला वेगळा नकाशा दिला तर मास्तराने फळ्यावर काय काढायचं? पण तिने पुढे जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली, हे कबूल करतो.

नोव्ही सादच्याच मंडळींनी स्पेन आणि फिनलंडच्या लोकांसह २०१४ मध्ये आणखी एक काम छापलं होतं. नाल्यात वाढणारी ती शेपटीवाली जात, जिची बाहेर कोट्यवधींची वस्ती, ती प्रयोगशाळेत बंद करून पिढ्यानपिढ्या वाढवली. जनुकांतली विविधता झपाट्याने घसरली, आणि माश्यांच्या रूपातला फरकही बदलत गेला. समुद्र नव्हता, खिंड नव्हती. होती ती चार भिंतींची पेटी, आणि बाहेरून सून येऊ न देणारं दार.

"म्हणजे पेटी केली की बेट झालं," मी म्हणालो, आणि खाली बघितलं.

बाल्कनीतून पश्चिमेला येऊरचे डोंगर दिसतात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा उतार. त्याच्या पायथ्याला घोडबंदर रस्ता, रस्त्याच्या कडेने इमारतींची रांग. मी इथे राहायला आलो तेव्हा डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये माणसांपेक्षा झाडं जास्त होती. आज खाडीकडची तिवरं एकीकडे, डोंगराचं जंगल दुसरीकडे आणि मध्ये आम्ही.

"येऊरला जुन्या झाडांच्या ढोलीत वाढणारी एखादी लटकी माशी असेल," मी म्हणालो, "तर तिला खाडी नाही अडवणार. तिला मी अडवतो. माझी सोसायटी अडवते."

"असेल तर. आणि अडत असेल तर. आपण बघितलं कुठे?" शास्त्राच्या माणसांशी बोलण्यात हा एक त्रास असतो, आपण भावुक झालो की ते 'तर' घालतात.

"बिबट्याला नाही अडवलं," मीच मग दुसरी बाजू घेतली. "आजोबा आठवतो? पिक्चर आला होता. २००९ मध्ये माळशेज घाटात गळ्यात कॉलर घालून सोडलेला बिबट्या शंभराहून जास्त किलोमीटर चालत या उद्यानात आला. वाटेत महामार्ग, रेल्वे, कारखाने, शेवटी खाडी."

"एका पिढीत एक," ती म्हणाली. "राइटसाहेब खूश झाले असते."

मग तिने बाटली काढली. मला वाटलं होतं डीएनए काढायला माशीचा चेंदामेंदा करत असतील. तसं नसतं. जाळीचा एक अलगद फटका, माशी बाटलीत, बाटलीत अल्कोहोल. नंतर भिंगाखाली चिमट्याने एक पाय काढायचा, मधलाच बहुधा. तेवढा पाय पुरतो. अख्खी माशी टाचणीवर शाबूत राहते, पुढे कुणाला शंका आली तर उघडून बघायला. पायातून डीएनए, डीएनएतला एक ठरलेला तुकडा, ६५८ अक्षरांचा. माजिवड्याच्या माश्यांची अक्षरं आणि डोंबिवलीच्या माश्यांची अक्षरं एकाखाली एक मांडायची. तीस इकडच्या, तीस तिकडच्या. "नुसत्या या तुकड्याने भागणार नाही," ती म्हणाली, "जनुकाच्या आणखी जागा बघाव्या लागतील, पण सुरुवात हीच." तिच्याकडे मोबाइलवर ब्रुनेटीचं १९२३ चं जाडजूड पुस्तक होतं, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या माश्यांच्या ग्रंथमालेतला तिसरा भाग. हा ब्रुनेटी पेशाने संगीतकार, आणि वाजवता वाजवता त्याने हिंदुस्थानभरच्या माश्या लावून ठेवल्या. पंखांची शिर न् शिर शब्दांत लिहिलेली. मला त्याचं वर्णन वाचून दाखवत ती आमची माशी पडताळत होती. पायांचा रंग, डोळ्यांमधलं अंतर. नराचे डोळे वर एकमेकांना भिडलेले असतात, मादीचे नाहीत. आमची मादी होती.

"मादी असेल तर अंडी घालायला आली असेल," मी म्हणालो.

"चवळीवर. म्हणून मामीला म्हणावं साबणाचं पाणी आठवडाभर मारू नकोस."

"तू सांग. तुझं ऐकेल."

तिने बाटली उघडली नाही, ती माशी पकडलीच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली की नमुना सोसायटीच्या बागेतून घेते, इथलं गिऱ्हाईक राहू दे. हे काही फार शास्त्रीय नव्हतं, पण मी बोललो नाही.

निघायच्या आधी तिने मला काम लावलं. कुठून नमुने घ्यायचे त्याचा नकाशा हवा होता. विजेच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी काढायला बसलो. सवयीने हात आधी खाडीकडे गेला. कोलशेत, बाळकुम, कशेळीचा पूल, कळवा, सगळी निळ्या पेनाची जाड रेघ. "हे नको," ती म्हणाली, "मला फुलं कुठे आहेत ते दाखव." मग फुलं काढली. ओवळ्याची फुलपाखरांची बाग, येऊरच्या पायथ्याची रानतुळस, रेल्वेच्या कडेचा भाजीचा पट्टा, उड्डाणपुलाखाली लावलेली कोरांटी, गणपतीच्या देवळामागचे झेंडूचे वाफे. जुनी, ढोलीची झाडं वेगळ्या खुणेने: माझ्या आठवणीतली अकरा, त्यांतली पाच अजून आहेत. ठिपके पडत गेले तसा गाव ओळखू येईना. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना ठिपके दाट, आणि मध्ये लांबलचक रिकामा पट्टा, खाडीपेक्षा रुंद.

तिने कागद उलटसुलट करून बघितला आणि पेन मागितलं. निळी रेघ खोडायची होती तिला.

मी पेन खिशात टाकलं. "खाडी राहू दे," म्हटलं, "३४ वर्षं काढलीय ती."

तिने कागदाची घडी घातली, जाळी काखोटीला मारली आणि डोंबिवलीची गाडी पकडायला निघाली. कळव्याच्या पुलावरून तिचा फोन आला. विचारत होती, अकरातलं सहावं झाड नक्की कधी पडलं.